अर्जुनावरचा कोसा : मुलुंडच्या एका सोसायटीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउताराला जवळजवळ टेकलेली एक जुनी सोसायटी आहे. ओळख पटू नये म्हणून तिचं नाव आणि माणसांचे काही तपशील गाळले आहेत. तीन इमारती, मधल्या मोकळ्या जागेत पार्किंग. फाटकाशी दोन उंच अर्जुन, पार्किंगवर पसरलेला एक देशी बदाम, मागच्या कंपाउंडला ताम्हण आणि कोणी न लावता उगवलेलं एक बोर. रहिवाशांच्या लेखी ही सावलीची झाडं. टसर पतंगाच्या अळीला ही चारही झाडं खायला चालतात.

टसर हा सॅटर्निडी कुळातला, म्हणजे अवाढव्य रेशीमपतंगांपैकी एक. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. रानातल्या पतंगाला काही अभ्यासक अँथेरिया पॅफिया म्हणतात. पंख पसरले की रुंदी 15 सेंटिमीटरच्या आसपास भरते. चारही पंखांवर एकेक गोल ठिपका असतो आणि त्याच्या मधोमध पंखातून आरपार दिसतं. नर तांबूस-तपकिरी, मादी पिवळसर किंवा राखाडी. ऐन, अर्जुन आणि साल ही अळीची मुख्य झाडं. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा आणि मुंबईत गल्लोगल्ली दिसणारा देशी बदाम हे सगळे टर्मिनालिया या एकाच प्रजातीतले, त्यामुळे बदामावरही तिचं भागतं. ताम्हण वेगळ्या कुळातला असला तरी त्याचा पाला ती खाते. राज्यफूल म्हणून ताम्हण आपल्याला ठाऊक असतो, अळीचं खाद्य म्हणून क्वचितच.

पुढचे सगळे निर्णय या पतंगाच्या वेळापत्रकाभोवती फिरले, म्हणून ते आधी सांगतो. पाऊस सुरू झाला की कोषातून पतंग बाहेर पडतात. पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दीड आठवडा जगतो, आणि तेवढ्यात मीलन, अंडी, सगळं उरकतं. एक मादी दीडशे-दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या फुटतात, चार वेळा कात टाकतात आणि महिना-सव्वा महिना नुसतं खात राहतात. नंतर कोष. त्यातून पावसाळ्यातच पुढची पिढी निघते. पावसाळा सरता सरता वाढलेल्या अळ्या मात्र जे कोष विणतात, त्यांच्यातला जीव लगेच बाहेर येत नाही. हिवाळा आणि उन्हाळा तो आत झोपून काढतो, थेट पुढच्या जूनपर्यंत. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने टसर पतंग झाडाच्या एखाद्या काडीला लटकलेला असतो आणि त्याला स्वतःला काहीही करता येत नाही.

अडचण

नवरात्राच्या सुमारास बदामाखाली लावलेल्या गाड्यांवर काळपट गोळ्या पडायला लागल्या. मिरीदाण्यापेक्षा मोठ्या, बाजूंनी उभ्या खाचा असलेल्या. रोज सकाळी बॉनेटभर. वर पाहिलं तर बदामाच्या खालच्या फांद्यांवर पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, आणि त्या शिरांना उलट्या लटकलेल्या बोटभर लांब, अंगठ्याहून जाड हिरव्या अळ्या. एका अर्जुनावरही तसंच.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले आणि एका संध्याकाळीत पेस्ट कंट्रोलचं कोटेशनही आलं. ही घाई समजण्यासारखी होती. आदल्या पावसाळ्यात याच आवारातल्या शेवग्यावर केसाळ सुरवंटांचे थरच्या थर बसले होते, दोन मुलांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि शेवटी शेवगा बुंध्यापासून छाटावा लागला होता. खजिनदार काकांनी बैठकीत तेच विचारलं, "अहो, शेवग्याने काय हाल केले ते विसरलात का?" त्यांची नात रोज त्याच बदामाखाली सायकल चालवते. त्यांची काळजी खरी होती, आणि तिला उत्तर देणं भाग होतं.

अळी कोणती हे पहिल्यांदा ओळखलं ते चौथ्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं. खाली येऊन त्यांनी फांदी वाकवून पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, हा तं कोसा! आमच्याकडे ढीवर लोक ऐनावर पाळतात याले." भंडारा-गडचिरोलीकडे कोसा म्हणजे टसर, आरमोरी परिसरात त्यावर कित्येक घरांचं पोट चालतं. आजींच्या सुनेने मला बोलावलं. मी कीटकांच्या नोंदी ठेवतो, आसपासच्या सोसायट्यांमधून असे फोन अधूनमधून येतात.

अळी जवळून पाहिली की शंका राहत नाही. अंगावर रांगेने लहान उंचवटे, त्यांवर तुरळक राठ केस, बाजूला एक-दोन चंदेरी चकचकीत ठिपके. हात लावला तर खाज येत नाही. ती फक्त डोकं आत ओढून घेते आणि पुढचा भाग उचलून ताठ बसते. मी बैठकीत अळी तळहातावर घेऊन दाखवली. त्यानंतर नातीचा प्रश्न मिटला. गाड्यांचा राहिला.

समोर कोणते पर्याय होते

पहिला अर्थातच फवारणी. पेस्ट कंट्रोलवाल्याने सायपरमेथ्रिन सुचवलं होतं. अळ्या एका दिवसात मेल्या असत्या. त्यांच्याबरोबर झाडावरच्या मधमाश्या, कोळी, चतुर, बदामाच्या पानांत घरटी बांधणाऱ्या मुंग्याही. शिवाय फवारा खालच्या पार्किंगमध्ये आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत उतरला असता. हा पर्याय पडला तो पतंगाच्या प्रेमापोटी नव्हे, पहिल्या मजल्यावर दोन दम्याचे रुग्ण होते म्हणून. त्याबद्दल मला काही वाटत नाही. निर्णय योग्य होता आणि कारणही पक्कं होतं.

मधला मार्ग म्हणून कोणीतरी नीमतेल सुचवलं. "ते तर नैसर्गिक आहे ना?" नैसर्गिक आहेच, पण नीमतेलाने अळीचं खाणं तुटतं आणि कात टाकणं बिघडतं. भरपूर खाऊनच कोष विणू शकणाऱ्या अळीसाठी ते विषच. बाजारात मिळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या औषधाचंही तेच. ते बनवलंच अळ्यांसाठी आहे. अळ्या वाचवायच्या असतील तर सौम्य फवारणी नावाची गोष्ट नसते, हे बैठकीत स्पष्ट बोलावं लागलं.

तिसरा पर्याय भावनेला सर्वांत जवळचा होता. अळ्या गोळा करून डोंगरावर, राष्ट्रीय उद्यानात सोडायच्या. उद्यान भिंतीपलीकडेच आहे, आणि तिथे ऐनाची कमी नाही. तरी हा पर्याय मी आग्रहाने मोडून काढला. वनखात्याच्या परवानगीशिवाय उद्यानात प्राणी नेऊन सोडता येत नाहीत, ही एक बाब. दुसरी अशी की एका झाडाच्या पाल्यावर वाढलेली अळी मोठेपणी दुसऱ्या जातीच्या पाल्याला तोंड लावेलच असं नाही. आणि टसरमध्ये विषाणूंचे आणि पेब्रिनसारखे सूक्ष्म परजीवींचे रोग असतात. दाटीने वाढलेल्या अळ्या रानात नेऊन टाकणं म्हणजे तो रोगही नेणं.

चौथा पर्याय, काहीच न करणं. झाडाला काय होईल, ही शंका माळीदादांनी काढली. बदामाची पानं हिवाळ्यात लाल होऊन गळतातच, अर्जुनही उन्हाळ्याच्या तोंडाशी पालवी बदलतो. अळ्यांनी ऑक्टोबरात खाल्लेला पाला झाडाने काही महिन्यांत टाकलाच असता. मोठ्या, निरोगी झाडाला याने धोका नसतो. हेच लहान रोपावर घडलं असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता.

पहिला निर्णय

ठरलं ते असं : फवारणी नाही. बदामाखालच्या गाड्या तीन-चार आठवडे पाहुण्यांच्या जागेत लावायच्या आणि पाहुण्यांनी बाहेर. झाडाखाली जुनी ताडपत्री अंथरून रोज झाडायची. विष्ठा माळीदादांनी कुंड्यांत टाकायला घेतली.

याच दिवसांत दहावीतल्या एका मुलाने काही अळ्या घरी नेऊन प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या. झाकणाला भोकं होती, रोज ताजा पाला होता, काळजी मनापासून होती. आठवड्याभरात अळ्या मऊ पडल्या, काळवंडल्या आणि मेल्या. बंद डब्यात पाल्याची वाफ साचते, विष्ठा सडते, एका अळीचा रोग सगळ्यांना लागतो. तुतीच्या रेशीमकिड्याला माणसाने हजारो वर्षांत घरात राहायला शिकवलं. टसर आजही झाडावरच वाढवावा लागतो. विदर्भातले शेतकरीही अळ्या ऐनावर सोडतात आणि दिवसभर राखण करतात, घरात आणत नाहीत. त्या मुलाला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. ताडपत्रीच्या नोटिशीतच एक ओळ घातली असती तर पुरे होतं.

झाडावरही सगळं सुरळीत नव्हतं. एक भारद्वाज रोज सकाळी येऊन अळ्या उचलू लागला. मुलांना त्याला हुसकावायचं होतं. इथे मी आणि आजी दोघेही ठाम राहिलो. आम्ही झाड जसंच्या तसं ठेवायचं ठरवलं होतं, कोसा पिकवायला घेतला नव्हता. विदर्भातल्या राखणदाराचं पोट त्या अळ्यांवर असतं, त्याने गोफण चालवणं वेगळं. काही अळ्यांच्या पाठीवर पांढरी बारीक अंडी चिकटलेली दिसली. ती उझी माशीची. तिच्या अळ्या टसरच्या अळीला आतून पोखरतात. तीही तशीच राहू दिली.

कोष

ऑक्टोबर संपता संपता खाणं थांबलं. कोष विणण्याआधी अळी पोट रिकामं करते, दोन-तीन पानं धाग्याने जवळ ओढते आणि मग जे करते ते मी कितीही वेळा पाहिलं तरी पुन्हा पाहायला थांबतो. आधी ती काडीभोवती रेशमाचं कडं घालते, घट्ट, काडीला पूर्ण वेढून. त्या कड्यापासून खाली जाड देठ विणते. आणि त्या देठाला टांगून कोष. पानाला कोष चिकटवला असता तर पानगळीबरोबर तो खाली आला असता. टसरचा कोष फांदीला कड्याने अडकलेला असल्यामुळे बदाम पूर्ण निष्पर्ण झाला तरी तो जागच्या जागी राहतो. चार-पाच सेंटिमीटर लांब, भुरकट, बोटाने दाबला तर जराही न दबणारा.

फेब्रुवारीत बदामाची पानं गळाली तेव्हा कोष उघडे पडले. पार्किंगमधून मोजले तर वीसेक दिसत होते, बहुतेक खालच्या, रस्त्याकडच्या फांद्यांवर. गाड्या परत जागेवर आल्या होत्या, ग्रुपवर विषय थंडावला होता. खरी अडचण तेव्हा सुरू होत होती.

दुसरा निर्णय : पावसाळ्याआधीची छाटणी

मुंबईत दर उन्हाळ्यात, पाऊस येण्याआधी, झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. कारण रास्त आहे. पावसाळी वाऱ्यात फांद्या कोसळून या शहरात माणसं मेली आहेत. खासगी आवारातली छाटणीही पालिकेच्या उद्यान विभागाच्या परवानगीने होते, सोसायटी ठेकेदार लावते आणि एका दिवसात काम उरकतं. नेमक्या याच दिवसांत टसर पतंग काडीला लटकून पावसाची वाट पाहत असतो. ऑक्टोबरात अळ्या वाचवून मे महिन्यात त्याच फांद्या ट्रकमध्ये गेल्या असत्या, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या मते मुंबईतल्या टसरला फवारणीइतकाच, कदाचित जास्त, धोका या छाटणीचा आहे.

छाटणीचं आमच्या कानावर आलं ते ठेकेदार येण्याच्या चार दिवस आधी. सेक्रेटरी बाईंनी तातडीने चार जणांना बोलावलं. छाटणी जुलैपर्यंत पुढे ढकलावी, असा एक सूर होता. मी त्याला पाठिंबा दिला नाही. बदामाची एक फांदी पोकळ झाली होती आणि बरोबर मुलांच्या व्हॅनच्या थांब्यावर आली होती. कोषांसाठी ती तशीच ठेवा म्हणणं बेजबाबदार ठरलं असतं, आणि काही झालं असतं तर पुढच्या वर्षी फवारणीला विरोध करायला कोणी उभंही राहिलं नसतं.

उपाय आजींनी दिला. त्यांच्या माहेरी बियाण्याचे, म्हणजे पुढच्या पिढीसाठी राखलेले, कोष देठाने बांधून माळा करून टांगतात. कोषातला जीव झोपेत असतो, काडीसकट हलवला तर त्याला त्रास होत नाही. जमिनीवर ठेवला तर मात्र मुंग्या आणि उंदीर. ठरलं की धोकादायक आणि तारांना लागणाऱ्या फांद्याच छाटायच्या, सरसकट नाही. आणि छाटायच्या फांद्यांवरचे कोष आधी वीतभर काडीसह कापून घ्यायचे.

माळा कुठे टांगायच्या यावर थोडा वाद झाला. सोसायटीचं ऑफिस सुरक्षित होतं, कुलूपबंद. पण पतंग संध्याकाळी-रात्री बाहेर पडतो, लगेच कुठेतरी उलटा लटकून पंख भरून घेतो, आणि मादी त्याच रात्री गंध सोडून नराला बोलावते. नर आपल्या पिसांसारख्या रुंद मिशांनी तो गंध दूरवरून हेरतो. बंद खोलीत मादी बसली तर नर काचेवर आपटत राहील. म्हणून माळा अर्जुनाच्या खालच्या, दाट सावलीतल्या फांद्यांना बांधल्या, उन्हापासून आणि छपरावरच्या कावळ्यांपासून जरा आडोशाला. अर्जुनाची छाटणी त्या वर्षी केलीच नाही. त्याच्या फांद्या भिंतीच्या आत होत्या आणि कोणाच्या डोक्यावर नव्हत्या.

ठेकेदाराच्या माणसांनी फार मदत केली, हे आवर्जून लिहितो. त्यांतल्या एकाने वरच्या फांदीवरचे, आम्हाला खालून न दिसलेले आणखी कोष उतरवून आणून दिले. काय शोधायचं हे एकदा हातात घेऊन दाखवलं होतं, तेवढंच.

परिणाम

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पतंग निघायला लागले. सगळे निघाले नाहीत. काही कोषांना बाजूला व्यवस्थित गोल भोक होतं. त्यातून पिवळी, काळ्या ठिपक्यांची गांधीलमाशीसारखी परजीवी माशी निघून गेली होती. काही हलवले की आत कोरडं खुळखुळत होतं. पतंग निघालेला कोष वेगळा ओळखू येतो. देठाच्या बाजूचं टोक ओलसर, धागे बाजूला सारलेले, तुटलेले नाहीत. आतून पतंग एक विकर (एन्झाइम) सोडून ती जागा मऊ करतो आणि धाग्यांमधून वाट काढतो. अंदाजे निम्म्या कोषांतून पतंग बाहेर आले. रानातल्या टसरचं हे प्रमाण मला वाईट वाटत नाही.

एका रात्री माळेजवळ मादी बसली होती आणि पहाटेपर्यंत तिच्याशी नर जोडलेला होता. तो नर आमच्या माळेतला की डोंगरावरून आलेला, हे सांगता येणार नाही. नंतर अर्जुनाच्या पानांवर आणि चक्क पाण्याच्या पाइपवर अंडी सापडली. चपटी, लंबगोल, कडेने दोन तपकिरी रेघा. पाइपवरची अंडी वाया जाणार हे उघड होतं, म्हणून मुलांनी त्यांतून फुटलेल्या बारक्या अळ्या कुंचल्याने उचलून अर्जुनाच्या कोवळ्या पानांवर ठेवल्या.

वेगळं काय करता आलं असतं

फाटकावरचा हॅलोजन. तो जूनभर रात्री जळत होता आणि दोन नर त्याच्याखाली सकाळी मेलेले सापडले. हे दिवे पावसाच्या पहिल्या दोन आठवड्यांत झाकता आले असते किंवा पिवळ्या, मंद दिव्यांनी बदलता आले असते. कोणी विरोधही केला नसता. कोणाला सुचलं नाही इतकंच.

छाटणीची तारीख मार्चमध्येच विचारायला हवी होती. चार दिवसांत जे झालं ते आजी घरी होत्या म्हणून झालं. त्या गावी गेल्या असत्या तर माळांची कल्पना आलीच नसती.

आणि हाच उपाय प्रत्येक रेशीमपतंगाला लागू पडत नाही. समजा बदामावर टसर नसून मागच्या मोईवर, म्हणजे शिमटीवर, फिकट हिरवा, लांब शेपटांचा चंद्रपतंग असता. त्याचा पातळ कोष पानांत गुंडाळलेला असतो आणि बऱ्याचदा पानांबरोबर जमिनीवर येतो. तिथे धोका छाटणीचा नसून झाडूचा आणि पालापाचोळा जाळण्याचा असता, आणि झाडाखालचा कचरा न उचलण्याचा निर्णय घ्यावा लागला असता. कोणती अळी, कोणतं झाड, कोष कुठे, हे कळल्याशिवाय ठरवू नये.

सध्याची स्थिती

छाटणीच्या वर्क ऑर्डरमध्ये आता एक कलम आहे : काम सुरू करण्याआधी माळीदादा आणि समितीचा एक सदस्य फांद्यांवरचे कोष तपासतील. फवारणीचा ठराव पुन्हा आलेला नाही. बदामाखालची पार्किंगची जागा ऑक्टोबरभर रिकामी ठेवण्यावर मात्र अजून एकमत नाही. ज्यांची जागा तिथे आहे त्यांना दर वर्षी विनवावं लागतं.

मोठा प्रश्न पुनर्विकासाचा आहे. प्रस्ताव आला आहे, आणि नकाशात दोन्ही अर्जुन बेसमेंटच्या उताराच्या जागी येतात. समितीने विकासकाला लेखी मागणी केली आहे की उताराची जागा बदलून निदान एक अर्जुन राखावा, आणि तोडलेल्या झाडांच्या बदल्यात शोभेचे पाम न लावता अर्जुन, ऐन आणि ताम्हण लावावेत. पत्राला उत्तर यायचं आहे.